भाकरी का करपली?

भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली, हे जुने कोडे आपल्याकडे मुलांना घालतात. आणि ‘न फिरवल्यामुळे’ हे तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर ऐकून मुले खूश होतात. उत्तर चतुर आहे यात शंका नाही. पण व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक गोष्ट गाळलेली आहे. फिरवावयाचे कोणी होते? भाकरी आपण होऊन उलटत नाही. तव्यापाशी कोणीतरी बसलेले असते, आणि जाळ कोणीतरी घातलेला असतो. कोड्यात त्यांचे नाव नाही.

हे कोडे येथे आठवण्याचे कारण असे की, कामाच्या जाळावर माणसे करपून जाण्याविषयी अलीकडे जे पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते, त्यातही नेमका हाच कर्ता गाळलेला आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मान्य झालेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्न-आऊट’ ह्या अवस्थेची नोंद आहे. ती रोग म्हणून नव्हे, तर नोकरीधंद्याशी निगडित अवस्था म्हणून केलेली आहे. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट आवरला न गेलेला ताण हे तिचे कारण. आणि गळून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, व आपल्या हातून काही धड होत नाही अशी समजूत, ही तिची तीन लक्षणे. ‘आवरला न गेलेला’, पण कोणाकडून? राबणाऱ्याकडून, की राबवून घेणाऱ्याकडून? व्याख्या ह्यावर मौन पाळते. सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे टिपणे लिहिण्यात घालविलेल्या मनुष्यास हा प्रयोग चांगला परिचयाचा असतो. ‘असे निदर्शनास आले आहे’, ‘कार्यवाही होऊ शकली नाही’, ‘विलंब झाला आहे’, अशी वाक्ये लिहिता लिहिता कर्ता गाळण्याचे शिक्षण आम्हांस आपोआप मिळते. कर्ता आला की जबाबदारी येते, आणि जबाबदारी आली की खुलासा मागविला जातो.

आपल्या देशात हा वाद दोन विधानांमुळे विशेष तापला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक श्री. नारायण मूर्ती यांनी, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष श्री. एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे, ९० तासांच्या आठवड्याची आणि रविवारच्या कामाची भलामण करणारे बोलणे प्रसिद्ध झाले. त्यावर जे वादंग माजले त्यात साधारणपणे दोन पक्ष दिसून आले. एका पक्षाचे म्हणणे असे की, जो तो आपल्या आयुष्याचा धनी आहे. जो दमला त्याने आपली दिनचर्या सुधारावी, झेपत नसेल तर जागा सोडावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सारा दोष व्यवस्थेचा आहे. माणूस बिचारा तिच्या चाकात सापडला आहे. दोन्ही उत्तरे ऐकताना सोपी वाटतात आणि दोन्हींनी मनाचे समाधान होत नाही.

ह्या प्रश्नावर डॉक्टरांनी लिहिले आहे, मानसशास्त्रज्ञांनी लिहिले आहे, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी तर फारच लिहिले आहे. परंतु ललित वाङ्मयाने ह्या सर्वांच्या कितीतरी आधी, आणि माझ्या मते अधिक बारकाईने, त्याचा विचार केलेला आहे. त्याचे एक साधे कारण असे की, कथाकाराला कर्ता गाळून फार वेळ लिहिता येत नाही. कोणीतरी उठतो, कोणीतरी सांगतो, कोणीतरी नाकारतो, कोणीतरी मरतो. प्रस्तुत लेखात तीन प्रसिद्ध कथा आणि एक चित्रपट ह्यांच्या आधाराने ह्या कर्त्याचा शोध घेण्याचा विचार आहे.

आरंभी ‘बर्न-आऊट’ ह्या शब्दाविषयी दोन वाक्ये. ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘अ बर्न्ट-आऊट केस’ ह्या कादंबरीचे नाव कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून आलेले आहे. हातापायांची बोटे गेल्यावर ज्याच्यातला रोगच विझून गेला आहे, अशा रोग्यासाठी तो शब्द आहे. कामाच्या संदर्भात त्या शब्दाला शास्त्रीय वजन आले ते १९७४ मध्ये, न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर ह्यांच्या लेखामुळे. त्यांनी ज्यांचे वर्णन केले ती माणसे आळशी नव्हती आणि लोभीही नव्हती. ती मोफत दवाखान्यात आपण होऊन रात्री उशिरापर्यंत खपणारी, कामावर जीव लावणारी माणसे होती. हा मुद्दा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण आपली पहिली कथा अशाच एका जीव लावणाऱ्या माणसाची आहे.

निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गच्या एका खात्यात नकलनवीस आहे. वर्षाला ४०० रूबल पगार. सहकारी त्याची टर उडवितात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात. तो मात्र नकलेत रमलेला. काही अक्षरे त्याच्या विशेष आवडीची. ती आली की त्याचा चेहरा उजळतो. घरी गेल्यावर कोबीचे सार घाईघाईने पोटात ढकलून तो दौत पुढे ओढतो आणि कचेरीतून आणलेले कागद उतरवू लागतो. तसे कागद नसले तर केवळ आनंदाखातर, स्वतःसाठी, नक्कल करतो. ही कथा बहुधा करुणेची कथा म्हणून वाचली जाते, आणि ते वाचन चुकीचे नाही. त्याच्या केविलवाण्या विनवणीत एका तरुण सहकाऱ्याला बंधुत्वाची हाक ऐकू येते, त्या प्रसंगावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे.

मला मात्र त्याहून लहान एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. एक सहृदय वरिष्ठ अकाकीच्या दीर्घ सेवेचे चीज व्हावे म्हणून त्याला नकलेहून थोडे वरचे काम देतो. काम असे: तयार मसुद्याचे शीर्षक बदलावयाचे, आणि काही क्रियापदे प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यावयाची. अकाकीला दरदरून घाम फुटतो. शेवटी तो म्हणतो की, मला आपली नक्कलच द्या. वाचक येथे हसतो, आणि त्याने हसावे अशीच गोगोलची इच्छा आहे. पण हसू ओसरल्यावर लक्षात येते की, ‘मी’चा ‘तो’ करणे ज्याला जमत नाही, त्याच्या स्वतःच्या वाक्यात ‘मी’ कधी आलेलाच नाही. त्याने जन्मभर दुसऱ्यांचे ‘मी’ सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. स्वतःविषयी बोलताना त्याचे वाक्य पुरे होत नाही. शब्दयोगी अव्यये आणि निरर्थक पालुपदे ह्यांतच ते अडकून पडते, हेही गोगोलने मुद्दाम नोंदविले आहे.

मग अकाकीच्या शिणलेल्या, वाळलेल्या आयुष्याला जबाबदार कोण? रात्री घरी कागद आणण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नाही. गोगोल हे लपवीत नाही. उलट तो ते इतक्या प्रेमाने सांगतो की, वाचकाला क्षणभर त्या नकलनविसाचा हेवा वाटावा. पण पुढे कोट येतो. त्याच्यासाठी अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाही, जोडे झिजू नयेत म्हणून दगडांवरून जपून चालतो. आणि कोट अंगावर चढला त्या दिवशी, जेवण झाल्यावर तो एक अक्षरही लिहीत नाही. अंधार पडेपर्यंत नुसता बिछान्यावर लोळतो. त्याच्या आयुष्यातील आपल्याला दिसणारी ही एवढीच रिकामी संध्याकाळ. त्याच रात्री कोट चोरीला जातो. दाद मागावयास गेलेल्या अकाकीवर एक बडा अंमलदार ओरडतो, आणि तापाने त्याचा अंत होतो. तो मेल्याचे खात्याला कळते ते त्याला पुरून चार दिवस झाल्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा कारकून बसलेला असतो. उंचीने जास्त, आणि अक्षर बरेच अधिक तिरपे. एवढाच काय तो फरक.

गोगोलचा निवाडा ह्या तिरप्या अक्षरात आहे, असे मला वाटते. अकाकीने कामावर प्रेम केले हा त्याचा दोष नव्हे. ज्या वस्तूला प्रेमाची परतफेड करता येत नाही तिच्यावर त्याने आपले सर्वच्या सर्व वाहिले, आणि कामाबाहेर एवढीशी जागा स्वतःसाठी राखली नाही, हा त्याचा वाटा. तो वाटा त्याला माफ करता येत नाही. परंतु असा माणूस वर्षानुवर्षे समोर बसलेला असताना, हा राहतो कसा, खातो काय, एवढी चौकशीही ज्यांनी केली नाही, त्यांचा वाटाही ह्याच हिशेबात मांडावा लागतो.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा विशेष जवळची वाटावी. गाव सुटलेले, भाषा घरापुरती उरलेली, शेजार दर बदलीला नवा. अशा वेळी ‘आपण कोण’ ह्या प्रश्नाचे उत्तर हुद्द्यात सापडते, आणि मग संध्याकाळी कचेरीतून लवकर निघून जावयाचे तरी कोठे, असा प्रश्न पडतो. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला आहे. पण अकाकीला घरी नेण्यासाठी कागद तरी उचलावे लागत. आता फाइल पडद्यावर असते, आणि साहेबांची सूचना रात्री नऊ वाजता खिशातल्या मोबाईलवर येऊन पडते. नक्कल करण्याचा आनंदही त्यात नसतो.

हर्मन मेलव्हिलची ‘बार्टलबी’ ही कथा १८५३ ची. तिचाही नायक नकलनवीसच. मात्र स्थळ न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट, आणि कथा सांगणारा त्याचा मालक, एक वयस्क वकील. ही निवेदकाची निवड म्हणजे मेलव्हिलच्या कलेचे मर्म आहे. दमलेल्या माणसाची गोष्ट आपण दमविणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. आणि दमविणारा दुष्ट नाही. तो सौम्य, सुखवस्तू, कोणाशी वाद न घालणारा, धार्मिक वृत्तीचा गृहस्थ आहे. त्याला एक किफायतशीर सरकारी पद मिळाले, काम वाढले, म्हणून त्याने आणखी एक लेखक ठेवला.

हा लेखक, बार्टलबी, आरंभी विलक्षण काम करतो. दिवसा उजेडात आणि रात्री मेणबत्तीवर, जणू काही दिवसांचा उपाशी अन्नावर तुटून पडावा तसा तो कागदांवर तुटून पडतो. शंभर शब्दांना चार सेंट हा त्याचा दर. वकिलाने त्याला हिरव्या पडद्याआड बसविले आहे; हाक ऐकू जावी पण तोंड दिसू नये अशी ती सोय. समोरच्या खिडकीतून तीन फुटांवरची भिंत तेवढी दिसते. तिसऱ्या दिवशी नक्कल ताडून पाहण्यासाठी त्याला बोलाविले जाते, आणि तो अत्यंत सौम्यपणे, कारण न देता, आपली तशी इच्छा नसल्याचे सांगतो. पुढे हळूहळू तो सगळ्याच कामांना तेच उत्तर देतो. नक्कल का सोडलीस, ह्या प्रश्नावर, कारण तुम्हांला दिसत नाही का, अशा अर्थाचे काहीतरी तो विचारतो. वकील पाहतो, तर त्याचे डोळे निस्तेज झालेले आहेत. वकिलाला कारण दिसते ते एवढेच की, अंधाऱ्या खिडकीपाशी बसून याची नजर अधू झाली असावी.

आजच्या वाचकाला बार्टलबी हा वीर वाटतो. राबण्याच्या स्पर्धेतून अंग काढून घेणारा, कोणतेही स्पष्टीकरण न देता ‘नाही’ म्हणणारा पुरुष म्हणून त्याचे गोडवे गाइले जातात. परंतु कथेतील एक लहानशी नोंद ह्या वाचनाच्या आड येते. नकला ताडून पाहण्याच्या कामातून बार्टलबीला कायमची सूट मिळाल्यावर ते काम नाहीसे झाले नाही. ते टर्की आणि निपर्स ह्या शेजारच्या दोन कारकुनांच्या गळ्यात पडले. निवेदक हे एका वाक्यात, जाता जाता सांगतो. टर्की म्हातारा होत चाललेला, दुपारनंतर त्याचा हात ठिकाणावर नसतो. निपर्सला अपचनाचा विकार, त्याची सकाळ वाईट जाते. असले दोन मोडके खांब, आणि त्यांवर हा तिसऱ्याचा भार. कचेरीत काम केलेल्या माणसाला ह्या वाक्यापाशी थांबावेच लागते. एकट्याचा नकार हा कितीही शुद्ध असला तरी तो काम कमी करीत नाही. काम फक्त जागा बदलते.

आणि वकील? तो चांगला आहे, ह्यातच कथेचा खरा डंख आहे. तो पगारावर वीस डॉलर देऊ करतो, दुसऱ्या नोकऱ्या सुचवितो, शेवटी आपल्या घरी राहावयास बोलावितो. एक गोष्ट मात्र तो करीत नाही: खिडकीसमोरची भिंत, हिरवा पडदा आणि चार सेंटांचा दर ह्यांच्याकडे तो वळून पाहत नाही. माणूस सुधारेना म्हणून तो आपली कचेरीच दुसरीकडे हलवितो. जुन्या जागेतला नवा वकील येऊन, तुम्ही मागे ठेवलेल्या माणसाला तुम्हीच जबाबदार आहात, असे बजावतो, तेव्हा हा सज्जन, तो माझा कोणी नव्हे, असे उत्तर देतो. बार्टलबी तुरुंगाच्या अंगणात, भिंतीपाशी मरून पडतो. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना ध्यानधारणेचे वर्ग आणि मनःशांतीची व्याख्याने देऊ करतात, तेव्हा मला ह्या वकिलाची आठवण होते. देऊ केलेले सर्व काही चांगले असते. भिंत तेवढी जागच्या जागी असते.

टॉलस्टॉयच्या ‘माणसाला किती जमीन लागते?’ (१८८६) ह्या कथेचा विचार थोडक्यात केला तरी चालेल. कारण तिचा निवाडा स्पष्ट आहे. पाखोम नावाच्या शेतकऱ्याला बाश्कीर लोक एक हजार रूबलांत ‘दिवसभर’ जमीन विकतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जेवढी पायांनी घेरशील तेवढी तुझी. मात्र सूर्य बुडण्याच्या आत निघालास त्या जागी परत आले पाहिजे. पाखोम मोहाने लांब जातो, जीव तोडून धावतो, सूर्य बुडता बुडता टेकडीवर पोचतो आणि गतप्राण होतो. डोक्यापासून पायांपर्यंत मावेल एवढाच खड्डा त्याच्या वाट्यास येतो. बोधकथा म्हणून ती निर्दोष आहे, आणि वैयक्तिक जबाबदारीच्या पुरस्कर्त्यांना ती फार सोयीची वाटते. पण तिच्यात एक अट गृहीत धरलेली आहे. पाखोमचा दिवस पाखोमच्या ताब्यात आहे. कोठे वळावयाचे हे तो स्वतः ठरवितो. भाडेकरू खोलीत राहून मुलांची फी भरणाऱ्या, घरी पैसे पाठविणाऱ्या माणसाला ही कथा ऐकविणे हा अन्याय आहे. कारण त्याने कोठे वळावे हे दुसरेच कोणीतरी ठरवीत असते. जेथे खरी निवड आहे, तेथेच टॉलस्टॉयचा निवाडा लागू पडतो. निवड नसलेल्यावर तो लादणे म्हणजे बोधकथेचा दुरुपयोग होय.

आणि निवड कोणाला असते? हा प्रश्न आपल्याला चौथ्या कृतीकडे घेऊन जातो. सत्यजित राय यांचा ‘सीमाबद्ध’ (१९७१) हा चित्रपट शंकर यांच्या त्याच नावाच्या बंगाली कादंबरीवर आधारलेला आहे. श्यामल चॅटर्जी हा पाटण्याच्या एका शिक्षकाचा बुद्धिमान मुलगा, कलकत्त्याच्या एका परदेशी कंपनीत पंख्यांच्या विक्रीचा अधिकारी. इराकला जावयाच्या मालात ऐन वेळी दोष आढळतो. माल वेळेवर गेला नाही तर दंड आणि नाचक्की. पण कारखाना संपामुळे किंवा टाळेबंदीमुळे बंद असेल तर करारानुसार सुटका. श्यामल एका सहकाऱ्याच्या मदतीने कारखान्यात मुद्दाम गडबड घडवून आणतो. टाळेबंदी होते, कंपनी वाचते, एक पहारेकरी मात्र बाँबने जखमी होतो. श्यामल डायरेक्टर होतो.

हा माणूस अकाकीसारखा बिचारा नाही आणि बार्टलबीसारखा निःशब्दही नाही. तो आपल्यातला आहे. शिकलेला, कष्टाळू, घरच्यांना अभिमान वाटावा असा. तो रात्रंदिवस खपतो, त्याची झोप उडते, तो खरोखर दमतो. आजच्या भाषेत त्यालाही करपलेला म्हणता येईल आणि त्याच्याविषयी एखादा सहानुभूतीपर लेखही लिहिता येईल. पण राय आपल्याला त्या पहारेकऱ्याचा विसर पडू देत नाहीत. श्यामलच्या थकव्याची किंमत श्यामलने एकट्याने दिलेली नाही. शेवटी बढती घेऊन तो घरी येतो, तर इमारतीची लिफ्ट बंद. बढती मिळालेला पुरुष घामाघूम होत, धापा टाकीत, मजल्यामागून मजला चढत राहतो. वर त्याची मेहुणी तुतुल, त्यानेच वापरावयास दिलेले घड्याळ मनगटावरून काढते, निमूटपणे त्याच्यासमोर ठेवते आणि निघून जाते. एक शब्द नाही. जे गोगोलने हसत आणि टॉलस्टॉयने बोट उगारून सांगितले, ते राय काहीच न सांगता दाखवितात. दम लागणे हा पुरावा होत नाही, ना पुण्याचा ना निर्दोषत्वाचा.

मला जे म्हणावयाचे आहे ते येथे स्पष्ट करता येईल. वैयक्तिक जबाबदारी हा शब्द आज जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी वापरला जातो. तू किती झोपलास, तू ‘नाही’ म्हणावयास का शिकला नाहीस, तू आपला ताण का आवरला नाहीस, असे दमलेल्यालाच विचारले जाते. वास्तविक जबाबदारीचा पहिला प्रश्न असा असावयास हवा: तुझ्या धावण्यामुळे आणखी कोणाला धावावे लागले? रात्री नऊची सूचना पाठविणारा अधिकारी जितका जबाबदार, तितका नव्हे पण काही प्रमाणात, नऊ वाजून पाच मिनिटांनी उत्तर पाठविणारा कारकूनही जबाबदार असतो. कारण दुसऱ्या दिवसापासून ती पाच मिनिटे सर्वांचे माप ठरतात. रोज आठपर्यंत बसणारा मनुष्य स्वतःचे आयुष्य खर्च करतो एवढेच नव्हे, तर सहाला उठणाऱ्या शेजाऱ्याला आळशी ठरवितो. त्या शेजाऱ्याच्या घरी आजारी आई असेल. शेजारी नसून शेजारीण असेल, तर तिची दुसरी पाळी घरच्या चुलीपाशी सुरू व्हावयाची असेल. ह्या गोष्टी हजेरीपटावर उमटत नाहीत. अर्थात सर्वांचा वाटा सारखा नाही. ज्याच्या हाती निवड जास्त, त्याचा वाटा जास्त. श्यामलचा अकाकीहून जास्त, वकिलाचा बार्टलबीहून जास्त, आणि ९० तासांची अपेक्षा करणाऱ्याचा त्या तासांत राबणाऱ्याहून कितीतरी जास्त.

आता प्रश्न उरतो तो उपायाचा. अकाकीचे प्रेम एकट्याचे होते, बार्टलबीचा नकार एकट्याचा होता, पाखोमची धाव एकट्याची होती. तिघेही एकटे मेले. ह्या कथांत जे पात्र कोठेच येत नाही, ते आपल्या इतिहासात मात्र आलेले आहे, आणि ते मराठी आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले गृहस्थ, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर, अपघातात जखमी झालेल्याला मदत. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पाखोम सूर्यास्ताशी शर्यत लावून मेला. ह्या लोकांनी सूर्य मावळला की आम्हांला सोडा, एवढेच मागितले. आणि ज्या मुंबईत ती सुटी मिळविली गेली, त्याच मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या एका कंपनीच्या अध्यक्षांना २०२५ साली, रविवारी आपण लोकांकडून काम करवून घेऊ शकत नाही ह्याची खंत वाटली. रविवार आकाशातून पडलेला नाही, तो मागून घेतलेला आहे, ह्याचे विस्मरण किती लवकर होते!

लोखंड्यांच्या अर्जाचे वाङ्मयीन मूल्य कोणी मोजलेले नाही, आणि तो काही ललित लेख नव्हे. पण त्यातील क्रियापदांचा कर्ता ‘आम्ही’ आहे. जे अकाकीला एकवचनात उच्चारता आले नाही, ते ह्या अर्जात बहुवचनात उच्चारले गेले. नकाराचे ओझे शेजाऱ्यावर न टाकता शेजाऱ्याला बरोबर घेऊन केलेला हा नकार होता. म्हणून बार्टलबीच्या मूक नकारापेक्षा तो मला अधिक मोठा वाटतो. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपल्या पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा उद्योगधंद्यांसाठी घातली, आणि आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांसाठी तीच ४८ तासांची मर्यादा घातली, ती असल्याच अनेक ‘आम्हीं’च्या बळावर. पांढरपेशा नोकराने मात्र हा ‘आम्ही’ बहुधा महागाई भत्त्यापुरताच वापरला. आपल्या वेळेविषयी तो अजूनही एकवचनात बोलतो. फुशारकी मारावयाची तरी एकवचनात आणि कुरकुर करावयाची तरी एकवचनात.

मराठी साहित्याकडे ह्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? यंत्रयुगातील माणसाचे चिरडले जाणे मर्ढेकरांच्या कवितेने १९४७ च्या आसपास अशा धारदारपणे मांडले की, त्यानंतर कोणाला ते नव्याने सांगावयाचे धाडस व्हावे असे राहिले नाही. आणि तो कवी स्वतः आकाशवाणीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्याच, नोकरीत होता. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराला त्याचा स्वतःचा आवाज दिला. परंतु आपल्या कथेतला कारकून बहुधा दयेचा नाहीतर विनोदाचा विषय राहिला. त्याच्यावर हसून झाले, त्याच्यासाठी डोळे पुसून झाले. त्याला जाब विचारणारी कथा क्वचितच लिहिली गेली. त्याचा दोष किती आणि त्याच्यावरचा अन्याय किती, हे एकाच तराजूत घालून पाहण्यासाठी लेखकाला एकाच वेळी कठोर आणि मायाळू व्हावे लागते. गोगोलला ते साधले. राय यांना साधले. आज आपल्याकडे पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत मराठी माणसे करपत आहेत आणि करपवीतही आहेत. त्यांची गोष्ट लिहिणाऱ्याने दोन्ही क्रियापदे वापरण्याची तयारी ठेवली पाहिजे.

भाकरी न फिरवल्यामुळे करपली हे उत्तर मुलांना पुरेसे आहे. प्रौढ वाचकाने त्यापुढे विचारावयास हवे की, तव्यापाशी कोण होते, जाळ कोणी वाढविला, आणि करपल्याचा वास येत असताना शेजारी बसलेले आपण काय करीत होतो?